समीचं तोंड कुणी शिवलं

रखमा ढेबेला शिकलेल्या माणसांचा राग येत नसे. राग यायला समोरचा निदान आपल्या तोडीचा लागतो. तिला त्यांची कीव यायची, आणि ती लपवायचे कष्टही ती घेत नसे.

पोलादपूरच्या वरच्या डोंगरात, डांबर संपल्यावर अर्धा तास चढलं की धनगरांची वाडी लागते. तिथल्या अंगणवाडीत रखमा बावीस वर्षं मदतनीस. मदतनीस म्हणजे सकाळी घरोघरी फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची आणि भरलेल्या चड्ड्या धुवायच्या. उरलेलं काम, म्हणजे मुलांचा सर्वांगीण विकास, सेविकेकडे. तो सेविका रजिस्टरात करायची.

"विकास वहीत असतो," रखमा म्हणायची, "आणि शेंबूड नाकात. मला बाय शेंबूडच दिसतो."

एकदा पोलादपुरात सगळ्या सेविका-मदतनिसांचं प्रशिक्षण होतं. मुंबईहून आलेल्या बाईंनी सांगितलं, "मुलाशी बोलताना नेहमी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या." मागच्या सतरंजीवरून रखमा उठली.

"बाई, माझं गुडघं गेलंत. पोराला कडेवर उचलला तर चालंल का? उंची तीच होते."

हॉल हसला. बाईही हसल्या, पण वहीत काहीतरी लिहूनच. रखमाने चहा घेतला, बिस्किटं पदरात बांधली आणि ती वाडीवर आली. प्रशिक्षणाचा तिला झालेला उपयोग तो एवढा.

कारण तिला खरंच कळायचं. पोर खिचडी कसं खातं, यावरून ती घरातलं सांगायची. ताटलीभोवती हाताचं कुंपण घालणाऱ्याच्या घरात नवं बाळ आलेलं असायचं. शीत न् शीत पुसून खाणाऱ्याला बापाचा मार असायचा. गणू कोकऱ्याची सलोनी एकाएकी आईच्या अंथरुणाजवळ जाईना, तर सगळे म्हणाले भूतबाधा. रखमाने दोन दिवसांत छडा लावला. पोरगी तान्ह्या भावाला "मर मेल्या" म्हणाली होती आणि त्याच रात्री त्याला ताप भरला होता. आपणच ताप आणला, असं तिच्या मनाने घेतलं होतं. त्या वयात बोलणं आणि घडणं यांच्यामध्ये भिंत उभी राहिलेली नसते. बाप मुंबईला गेला तो आपण हट्ट केला म्हणून गेला, असंच पोराला वाटतं. हे रखमाला कुठल्या बाईने शिकवलं नव्हतं.

तिचं नेहमी बरोबर यायचं, हीच खरी पंचाईत. ज्याचं नेहमी बरोबर येतं, तो दुसऱ्यांच्याच घरात डोकावत राहतो.

तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या मुलाची, सुनीलची, पाच वर्षांची समीक्षा, माघापासून बोलायची बंद झाली होती. आधी अंगणवाडीत गप्प झाली. मग घरातही हूं नाही की चूं नाही. तहान लागली की तांब्याकडे बोट. दुखलं की दुखेल तिथे हात. रडायची तीसुद्धा उशीत तोंड खुपसून, आवाज न करता.

"हट्टी हाय," रखमाने निकाल दिला. "बापावर गेलीय. चार दिवस लक्ष देऊ नका, आपसूक बोलंल."

चार दिवसांचे चार महिने व्हायला आले. तिची आई पूनम झुरायला लागली. "आत्याबाय, झोपेतपण बोलत नाय ओ ती. आधी झोपेत किती बडबडायची."

सुनील महाडला एमआयडीसीत एका कंपनीची गाडी चालवायचा. महाडात खोली घेतली होती. जूनपासून बायको-पोरीला खाली न्यायचं आणि समीला पहिलीत घालायचं, असं ठरलं होतं. शाळेतल्या बाईंनी समीला नाव विचारलं; समीने जमीन बघितली. "तपासून आणा," बाई म्हणाल्या. त्या रविवारी सुनील वर आला तो खिशात एक पत्रक घेऊनच.

"आये, असल्या पोरांची वेगळी शाळा असते. पनवेलकडं. राहायची-जेवायची सोय हाय."

"असल्या म्हंजे कसल्या रे?"

"म्हंजे... डोक्यानं जरा हळू."

"तू चार वर्षांचा होईस्तवर माती खायचास. तुला पाठवला होता का मी पनवेलला?"

"आये, चेष्टा नको. महाडात एक सर हायत, ते तपासून रिपोर्ट देतात. रिपोर्ट काय येतो त्यावर ठरवू. हळू हाय असं निघालं तर मी तिला तिकडं ठेवणार. इथं डोंगरात ठेवून तिचं वाटोळं नाय करणार."

समी उंबऱ्यात बसून करवंदं खात होती. आईबापापासून, घरापासून तोडून, अनोळखी पोरांच्या रांगेत ताटली घेऊन उभी असलेली समी तिला दिसली. न बोलणारं पोर अशा ठिकाणी कसं जगतं, हे सांगायला खिचडीचीही गरज नव्हती.

"मी येणार तुझ्या सराकडं," ती म्हणाली. "बघूच कोण दीडशहाणा हाय तो."

'मेधांकुर बालबुद्धी मापन केंद्र' महाडच्या बाजारपेठेत एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर होतं. जिन्यात शेवेचा वास आणि भिंतीवर मेंदूचं चित्र, अर्धं निळं, अर्धं नारिंगी. खुर्चीत यशराज सर. जांभळा शर्ट, केसांना चोपडून जेल. रखमाने त्याला पाहताक्षणी ओळखलं. तीन वर्षांपूर्वी हाच इसम पोलादपूरच्या बाजारात पाण्याचे फिल्टर विकत होता. त्याने तिला ओळखलं नाही. फिल्टर न घेणारी माणसं विक्रेत्याच्या ध्यानात राहत नाहीत.

"आजी, प्रत्येक मुलाचं पोटेन्शियल त्याच्या बोटांच्या ठशांत लॉक झालेलं असतं. आम्ही फक्त ते अनलॉक करतो."

"म्हंजे कुलूप हाय."

"एक प्रकारे."

"आणि चावी तुमच्याकडं."

"करेक्ट!" सर खूश झाले.

"मंग आमच्या पोरीला कुलूप घातलं कुणी, तेपण सांगंल का तुमचं मशीन?"

सुनीलने आईचा पदर ओढला. सरांनी न ऐकल्यासारखं करून समीची बोटं काचेवर ठेवली. मशीन ठसे घेईना. बोटांवर करवंदाचा चीक. सरांनी फडक्यावर स्पिरिट घेऊन घासघास घासलं. समीने हात आखडून घेतला नाही, नुसती डोळे मिटून उभी राहिली. शेवटी पडद्यावर रंगीत चकती फिरली आणि समीच्या मेंदूचे टक्के आले. नृत्य अठरा. भाषा चार.

"चार," सर हळहळले. "आपण समजू शकता."

"नाचात अठरा हाय म्हणतंय ते," रखमा म्हणाली. "हिला नाचताना बघितलंय कुणी?"

मग चित्रांची कार्डं. लाल कुठलं? समीने बोट ठेवलं. मोठं कुठलं, लहान कुठलं? पटापट बोट ठेवलं. सर काही न लिहिता पुढे गेले, कारण बोट ठेवायला त्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता. पुढच्या कार्डावर हिरव्या माळावर पांढऱ्या शेळ्या होत्या.

"बेटा, ह्या किती बकऱ्या आहेत? मोज बघू. मोठ्याने."

समीने दोन्ही हात तोंडावर दाबले. चित्राकडे नाही, तिने रखमाकडे बघितलं. डोळे असे, की आता मार बसणार.

"काउंटिंग शून्य," सरांनी लिहिलं.

आणि रखमाला चार महिन्यांपूर्वीची सकाळ आठवली.

त्यांच्या वाडीत जितराब मोजत नाहीत. मोजलं की नजर लागते, एखादं जातं, हे पिढ्यान् पिढ्यांचं. सर्वेवाला येऊन "शेळ्या किती?" विचारतो तेव्हा माणसं "तांबडी हाय, भुरी हाय, कानतुटी हाय" अशी नावं सांगत बसतात आणि तो बापडा बोटांवर मोजत बसतो. माघात समी अंगणवाडीत वीसपर्यंत आकडे शिकली होती. सेविका सुप्रियामॅडमनी शिकवलेले. नवा दात आलेलं पोर दिसेल ते चावतं, तशी ती दिसेल ते मोजत सुटली. पायऱ्या, भाकऱ्या, आजीच्या बांगड्या. एका संध्याकाळी गोठ्याच्या दाराशी उभी राहून तिने करडं मोजली. "आजे, सात! सात हायत गो!" पहाटे बिबट्या आला आणि त्यातलं सगळ्यात धाकटं घेऊन गेला. सकाळी राख टाकून रक्त झाकताना रखमा मान न वळवताच समीला म्हणाली होती, "मोजलीस ना काल? खाल्लीस बघ त्याला."

तिची सासू म्हणायची तसंच म्हणाली. मग खिचडी शिजवायला गेली. दुपारपर्यंत विसरलीसुद्धा.

सलोनीचं दोन दिवसांत कळलं होतं. घरातलं चार महिने कळलं नाही. जगातल्या सगळ्या दीडशहाण्यांची कीव करून उरलेली कीव आता रखमाला स्वतःसाठी लागत होती, आणि ती पुरत नव्हती.

"ह्या रिपोर्टवर तिकडे ॲडमिशन होऊन जाईल," यशराज सर सुनीलला सांगत होते.

"थांब," रखमा म्हणाली. "तिचं डोकं ठीक हाय. तोंड मी शिवलंय तिचं." आणि फरसाणाच्या वासात, परक्या माणसासमोर, पोटच्या पोराला तिने सगळं सांगितलं. सांगताना तिची मान पहिल्यांदाच खाली होती.

सर मंद हसले. "आजी, ही अंधश्रद्धा झाली. सायंटिफिकली बघायला गेलं तर..."

"तू गप रे. तुझ्या मशीनपेक्षा माझी जीभ जास्त कामाची निघाली. एका वाक्यात पोर बंद केली."

सुनीलने रिपोर्टची घडी घातली. "आये, तुझं खरं असंल. नसंलपण. जूनच्या पंधराला शाळा हाय. तोवर बोलली तर महाड. नाय तर पनवेल."

तीन आठवडे हातात होते. आठ दिवस रखमाने समजावण्यात घालवले. मांडीवर घेऊन, करवंदं देऊन, देवाची शपथ घेऊन. "समे, तू नाय मारलंस गो त्याला. मी येडी, काहीतरी बोलले." समी ऐकायची, मान हलवायची आणि ओठ मिटून बसायची. मोठ्या माणसाने एकदा पाडलेला दगड तोच माणूस "पडला नाही" म्हणाला म्हणून वर जात नसतो.

"सांगून नाही पटत मुलांना, मावशी," सुप्रियामॅडम म्हणाली. तेवीस वर्षांची, पोलादपूरची, रजिस्टर सुंदर लिहिणारी. "करून दाखवावं लागतं. ट्रेनिंगमध्ये..."

"ट्रेनिंगचं नाव काढलंस तर खिचडीत मीठ टाकायची नाय," रखमा म्हणाली.

पण त्याच संध्याकाळी, शेळ्या रानातून परतल्यावर, ती काठी घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहिली. समी पूनमच्या पाठीमागे. रखमाने पहिल्या शेळीच्या पाठीवर काठी टेकवली आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "एक!"

समोरच्या ओट्यावरून म्हातारा कुशाबा, तिचा चुलत दीर, ताडकन उठला. "रखमा! डोकं फिरलं काय गो? जितराब मोजतेस?"

"मोजते. दोन! तीन! तुमचीपण मोजू का भावजी?"

कुशाबा म्हातारा असूनही असा पळाला, की त्याने स्वतःच्या गोठ्याचं दार लावून वर खुर्ची टेकवली. रखमा मोजत राहिली. आवाज खणखणीत. उभ्या जन्मात हे आकडे तिच्या तोंडून जनावराला लागले नव्हते. एकोणिसाला ती थांबली तेव्हा तिची चोळी घामाने भिजली होती. समीने दोन्ही कानांत बोटं घातली होती.

तीन दिवस काही झालं नाही. समी रोज उठल्या उठल्या गोठ्यात जाऊन बघायची. चौथ्या दिवशी वाडीत लग्न होतं. उरलेला भात कुणीतरी परसात ओतला. दुसऱ्या दिवशी दुपारी तांबडी शेळी जमिनीवर पाय झाडत पडली, पोट नगाऱ्यासारखं टमटमलेलं. उन्हं उतरायच्या आत मेली.

अख्खी वाडी जमली. दुःखाला नाही, "मी सांगितलं होतं" म्हणायला.

"झालं समाधान?" कुशाबा म्हणाला. "मोजा अजून."

आणि खरं सांगायचं तर बावीस वर्षं सगळ्यांना मूर्खात काढणाऱ्या रखमालाही क्षणभर वाटलं, मी मोजली म्हणून गेली. मग तिने समीचा चेहरा बघितला. पोर आजीकडे बघत होती आणि त्या बघण्यात भीती होती, पण कीवही होती. तूपण केलंस आता, असं म्हणणारी.

"इकडं ये," रखमा म्हणाली. तिने समीचा हात शेळीच्या पोटावर ठेवला. "दाब. घट्ट हाय ना?" मग शेळीचं तोंड उघडलं, दाढांत भाताची शितं. मग तिला परसात नेलं. भाताच्या ढिगात खुरांचे ठसे, बाजूला लेंड्या. "पोटभर भात खाल्ला तिनं. शेळीला भात पचत नाय. पोटात आंबतो, फुगतो, मंग श्वास कोंडतो. बघितलंस ना तू?"

"काय पण सांगतेस लेकराला," कुशाबा मागून म्हणाला. "आकड्यानं गेली ती."

"भावजी, तुमचा बोकड गेल्या साली मेला. तो कुणी मोजला होता?"

"तो... तो आजारानं गेला."

"वा रे वा. तुमचा आजारानं, आणि आमची आकड्यानं!"

माणसं हसली. कुशाबा तेवढा ओट्याकडे चालता झाला. गर्दी पांगली. समी ढिगाजवळ उकिडवी बसून खुरांच्या ठशांत बोट घालत राहिली. रखमाचे गुडघे कुरकुरत होते, तरी ती तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

खूप वेळाने एक खरखरीत, न वापरलेला आवाज आला. "आजे."

रखमाने मान वळवली.

"बिबट्याला ऐकू नाय गेलं?"

"काय गो?"

"मी सात बोलले ते. बिबट्यानं ऐकलं नाय?"

रखमाला कळायला वेळ लागला. मग ते कळलं, आणि तिच्या सगळ्या हुशारीसकट ती जमिनीत गेली. पोरीला नजर वगैरे काही माहीतच नव्हतं. रानात कुठेतरी बसलेला बिबट्या कान लावून ऐकतो, तिचा आवाज ऐकून आला, सात ऐकलं आणि एक नेलं, इतकं तिला माहीत होतं. म्हणून ती कुणाशीच बोलत नव्हती. घरातली माणसं वाचवायला चार महिने एकटी गप्प बसून होती. यशराज सरांच्या टक्क्यांत हे नव्हतं. रखमाच्या खिचडीतही नव्हतं.

"नाय गो माझी बाय," रखमा म्हणाली. "बिबट्याला आकडं कळत नायत. तो भुकेला होता, त्याला करडाचा वास आला, आणि दाराची कडी मी घातली नव्हती. मी."

समीने यावर विचार केला. "मंग कडी घातली तर बोलायचं चालतं?"

"कडी घातली नाय तरी चालतं."

"नाय," समी ठामपणे म्हणाली. "कडी घालायची."

त्या संध्याकाळी तिने कडी स्वतः घातली. आणि मग सुरू झाली ती थांबेना. बिबट्याला बायको असते का, शेळीला माहीत होतं का की भात पचणार नाही, कुशाबा आजाने दाराला खुर्ची का लावली. चार महिन्यांचे प्रश्न साठलेले. पूनम हसायची आणि डोळे पुसायची. रखमा उत्तरं द्यायची, आणि तिसऱ्या प्रश्नाला "मला नाय माहीत" म्हणावं लागायचं. हे तीन शब्द तिच्या जिभेला नवे होते, अडखळत यायचे.

जूनच्या दुसऱ्या रविवारी सुनील पनवेलचा फॉर्म घेऊनच वर आला. ओट्यावर चपला काढतो न काढतो तोच समीने त्याला धरलं.

"बाबा, महाडात बिबट्या हाय?"

सुनीलचा एक पाय चपलेतच राहिला. "नाय... नाय गो."

"मंग तिथं कडी न घालता बोललं तर चालतं?"

त्याने आईकडे बघितलं. रखमा दुसरीकडे बघत चूल फुंकत होती. सुनीलने फॉर्म चार घड्या करून खिशात घातला आणि जेवायला बसला. जेवताना हळूच म्हणाला, "आये, यशराज सरांना कळवू का? रिपोर्ट बदलून देतील."

"त्याला कशाला? पुढच्या साली तो दुसरं काहीतरी विकत असंल."

शाळा पंधराला होती. तेराला पूनम आणि समी खाली निघाल्या. म्हणजे रखमा जिंकली आणि पोर गेली, दोन्ही एकदमच. डांबराच्या तोंडाशी महाडला माणसं नेणाऱ्या भरतची जीप उभी होती. समी आत बसली आणि तिने जीपमधली माणसं मोजली, मोठ्याने, एकेकाच्या डोक्याकडे बोट करून. मग भरतला विचारलं, जीपला भूक लागते का, तिला घाटात भीती वाटते का, आणि त्याच्या नाकातले केस बाहेर का आलेत.

भरतने कपाळाला हात लावला. "रखमाकाकी, ही महाडपर्यंत गप्प बसंल का ओ?"

"चार महिने बसली," रखमाने जीपचं दार बाहेरून लावलं. "पुरे झालं."